दाराआडचा डायनोसॉर

आमच्या बैठकीच्या खोलीत, पूर्वी जिथे रेडिओचे टेबल असे, त्या जागी सध्या दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी एक फळी भिंतीला टेकून उभी आहे. येणारा पाहुणा आधी तिच्याकडे पाहतो आणि मग माझ्याकडे. तिच्यावर एक बिजागरी आहे, एक कडी आहे, जुन्या पिशवीची चेन आहे, टिचबटणे लावलेला कापडाचा तुकडा आहे, सायकलची घंटा आहे, आणि या सगळ्याच्या मधून, वरून, खालून हिरवे-तपकिरी असे काही प्राणी हिंडत आहेत. माझ्या एका स्नेह्यांना ते मासे वाटले. दुसऱ्यांनी बराच वेळ निरखून, ‘सुतार काम अर्धवट टाकून गेला वाटतं,’ असा अभिप्राय दिला. सुतार मीच, हे मी त्यांना सांगितले नाही.

आमच्या नातवासाठी मी केलेले हे डायनोसॉरचे खेळणे आहे. ‘त्याला डायनोसॉरचे वेड, मला रिकामपण, म्हणून केले,’ असे मी सर्वांना सांगत आलो. ही हकिगत खोटी नाही, अर्धी आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमची ही तिच्या बहिणीकडे नाशिकला गेली होती. चिरंजीव कामानिमित्त बंगळूरला. सूनबाई आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते आणि दोन दिवस हिंजवडीला जाते. त्या दोन दिवसांचे काय, असा प्रश्न निघाला तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “त्यात काय! मी आहे की. मी काय मुलं वाढवली नाहीत?”

“तुम्ही?” नाशिकची बॅग भरता भरता ही म्हणाली, “नाही.”

तिचे म्हणणे खरे होते. मी छत्तीस वर्षे एका कार्यालयात दुसऱ्यांचे हिशेब तपासत होतो. मूल तिने वाढवले. पण अशा खऱ्या बोलण्यानेच माणूस हट्टाला पेटतो. मंगळवारी सकाळी नऊ वाजता सूनबाई निघाली, तिने सतरा सूचना दिल्या, मी सतराही वेळा मान हलवली, आणि घरात आम्ही दोघे पुरुष उरलो. एकाचे वय अडुसष्ट वर्षे, दुसऱ्याचे बावीस महिने.

साडेदहाच्या सुमारास मी दुधाचे पातेले मंद आचेवर ठेवले. दूध तापायला अवकाश होता. बाळराजे हातात रबराचा तीन शिंगांचा डायनोसॉर घेऊन जमिनीवर बसले होते. तेवढ्यात अंगावर दोन तांबे घेऊन यावे, असे मला वाटले. न्हाणीघराचे दार मी नुसते लोटले. मूल घरात असताना आतून कडी लावू नये एवढी अक्कल मला होती. बाहेरूनही कडी असते, हे ध्यानात आले नाही.

आमची इमारत १९८४ सालची. न्हाणीघराचे दार लाकडी, हिरव्या तेलरंगाचे. पावसाळ्यात ते फुगते आणि आपोआप उघडते, म्हणून कधी तरी त्याला बाहेरून, जरा खालच्या अंगाला, एक सरकती कडी आम्ही लावून घेतली होती. मी डोळ्यांना साबण लावलेला असताना ती कडी सरकल्याचा आवाज आला. खट्. आणि मागोमाग अत्यंत प्रसन्न असे हसू.

“बाळा, कडी काढ,” मी म्हणालो.

पुन्हा हसू.

या जातीच्या कडीचे एक शास्त्र आहे. लावताना दांडी ढकलली की झाले. तिची मूठ आपल्या वजनाने खाली पडते आणि कडी पक्की होते. काढताना मात्र मूठ आधी वर उचलावी लागते, आणि ती उचललेली धरून दांडी मागे ओढावी लागते. लावायला एक क्रिया, काढायला दोन. बावीस महिन्यांच्या मुलाला एक क्रिया येते. दोन येत नाहीत. हे ज्ञान मला त्या दाराच्या आतल्या बाजूला, साबणाने डोळे चुरचुरत असताना झाले.

दारावर धक्के मारून पाहिले. जुने सागवानी लाकूड. त्या काळच्या सुताराने काम चोख केले होते. मोबाइल पलंगावर. वर झरोका, तो डक्टमध्ये उघडणारा. मी हाका मारायला तोंड उघडले, आणि स्वयंपाकघराकडून चर्र असा आवाज आला. दूध उतू गेले होते. करपल्याचा वास आला. थोड्या वेळाने तो विरत गेला आणि त्याच्या जागी दुसरा वास येऊ लागला. दुधाने आच विझवली होती आणि शेगडी तशीच चालू होती.

वाचकांपैकी कोणी अशा जागी अडकले नसेल, आणि अडकू नये. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, हे मला ठाऊक होते. आणि मूल जमिनीवरच बसलेले. आमचे देवघर स्वयंपाकघरातच आहे. ही घरी असती तर त्या वेळी देवापुढे निरांजन लागलेले असते. त्या दिवशी पूजेचे काम माझ्याकडे होते, आणि मी ते आळसाने करायचे ठेवले होते. मी एरवी देवाधर्मात फारसा नसतो. त्या आळसाबद्दल मात्र पुढे कितीतरी रात्री पलंगावर उठून बसलो.

एवढेच कळत होते की त्याने स्वयंपाकघराकडे जाता कामा नये. दाराखालच्या फटीतून त्याची चार बोटे दिसत होती. मग बोटांच्या जागी रबराची तीन शिंगे आत आली. तो मला आपला डायनोसॉर देत होता. मी ओलेता, टॉवेल गुंडाळून, फरशीवर पालथा पडलो, तोंड फटीला लावले आणि डरकाळी फोडली.

पलीकडे क्षणभर शांतता. मग आनंदाची किंकाळी, आणि उत्तरादाखल एक लहानशी डरकाळी.

डायनोसॉर कसा ओरडत असे हे कोणालाच सांगता येणार नाही. मी जवळजवळ वीस मिनिटे ओरडलो. एक डरकाळी फटीतून त्याच्यासाठी, एक उभा राहून झरोक्यातून जगासाठी. झरोक्याकडे गेलो की त्याची पावले स्वयंपाकघराच्या दिशेने वाजू लागत. की मी धावत खाली पालथा पडे, की पावले परत येत. शेवटी समोरच्या काकूंनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकले. त्यांना वाटले, मला काही झटका आला. आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असते. त्या आल्या, वास आल्याबरोबर आधी शेगडी बंद केली, एकाही दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडल्या, बाळाला उचलून जिन्यात नेऊन ठेवले, आणि मग माझी कडी काढली. हा क्रम त्यांना कोणी शिकवला होता कोण जाणे. मला सुचला असता असे मी शपथेवर सांगणार नाही.

“मी कुणाला सांगायची नाही,” जाताना त्या म्हणाल्या. “पण तुम्ही सांगा हं.”

मी सांगितले नाही. संध्याकाळी सूनबाई आली, “दूध?” म्हणाली. मी म्हणालो, “उतू गेलं.” तेही खोटे नव्हते, अर्धे होते. ती आली त्याआधी, दुपारी बाळ निजले असताना, मी ती कडी दारावरून काढून टाकली होती. सहा भोके राहिली ती मेणाने बुजवली. मग कडी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो. ती फेकून द्यावी असे वाटेना. ज्या कडीने त्याने मला कोंडले ती त्याला उघडता आली पाहिजे, हा विचार मनात शिरला आणि ठाण मांडून बसला. जगात कड्या पुष्कळ आहेत. सगळ्या काही मी काढून टाकू शकत नाही.

फळीचा उगम हा असा.

गुरुवारी सूनबाई घरी होती. मी बसने बोहरी आळीत गेलो. आयुष्यभर मी तिथून नुसता जात आलो होतो; माणसे बिजागऱ्यांवर इतके प्रेम का करतात ते मला त्या दिवशी कळले. बारा मिलिमीटरचे प्लायवूड घेतले, दोन बिजागऱ्या, एक सायकलची घंटा, पॉलिश पेपर, आणि मोठ्या आत्मविश्वासाने पाऊण इंची स्क्रू. हिशेबनीस असून मी तेवढा हिशेब केला नाही. पाऊण इंच म्हणजे एकोणीस मिलिमीटर, आणि फळी बाराची. पहिली बिजागरी बसवून मी फळी कौतुकाने उलटी केली, तर मागे चार टोके काट्यासारखी वर आलेली. ती कानशीने घासू म्हटले, घासून आणखी धारदार झाली. शेवटी मागून तशीच दुसरी फळी चिकटवावी लागली. त्यामुळे आमची फळी सामान्य फळ्यांच्या दुप्पट जड आहे, आणि ती अंगावर पडू नये म्हणून भिंतीला साखळीने बांधलेली आहे. पाहुणे तिला दणकट म्हणतात.

रंगाचीही तीच गत. माळ्यावर हिरव्या तेलरंगाचा एक जुना डबा होता. तो उघडत असताना सूनबाई आली, तिने डबा हातात घेऊन वर्ष पाहिले आणि म्हणाली, “बाबा, हा नको. जुन्या रंगात शिसं असतं. तो फळी चाटणार आहे.” घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कायद्याने कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, दहा लाखांत नव्वद भागांहून अधिक नको, असा नियम आहे. मूल खेळण्याशी खेळते त्यापेक्षा ते चाखते अधिक, हा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता. त्या संध्याकाळी मणी गेले, लहान लोहचुंबक गेले, सैल बटणे गेली. जे त्याच्या तोंडात मावेल ते फळीवर नाही, एवढा एकच नियम तिने घातला. तो घालताना ती माझ्याकडे इतक्या विश्वासाने पाहत होती की माझ्या हातातला ब्रश थरथरला.

आता फळीवर चित्रे कोणती काढावी? बाळराजांच्या पुस्तकातले सगळे प्राणी अमेरिकेतले. तीन शिंगांचा तो ट्रायसेरॅटॉप्स, त्याची हाडे सापडतात ती उत्तर अमेरिकेत. मला उगीचच अभिमान वाटू लागला. आपल्याकडे डायनोसॉर नव्हते काय? होते, आणि चांगले लठ्ठ होते. जबलपूरला स्लीमन नावाच्या इंग्रज अंमलदाराला १८२८ साली हाडे सापडली. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेनने बनवला तो १८४२ साली. म्हणजे आमची हाडे नावाच्याही चौदा वर्षे आधीची! आणि खुद्द आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगावला, १९८४ ते १९८६ या काळात एका लांब मानेच्या प्राण्याचा बराचसा सांगाडा निघाला. आज त्याला आयसिसॉरस म्हणतात. हे नाव कोणा इजिप्तच्या देवतेचे नव्हे. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून पडलेले आहे. आकडेमोड करणारी संस्था हाडे खणते हे वाचून माझ्यासारख्या हिशेबनिसाला केवढे समाधान झाले असेल!

पण माझे मन जडले ते बारापासॉरसवर. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या गडचिरोलीच्या शेजारी, आजच्या तेलंगणात, याची हाडे सापडली. १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दीचे वर्ष. म्हणून पुढे १९७५ मध्ये त्याचे बारसे झाले तेव्हा नावात टागोरांनाही जागा मिळाली. ‘बारा’ म्हणजे बारा नव्हेत. ‘बडा’ म्हणजे मोठा आणि ‘पा’ म्हणजे पाय. मोठ्या पायाचा. त्याच्या मांडीचे एकच हाड पाच फुटांहून मोठे. आणि गंमत अशी की एवढी हाडे सापडली, पण या प्राण्याचे डोके काही सापडले नाही. हाती आले ते थोडे दात. चित्रकाराला यापेक्षा मोठी सवलत कोण देणार? मी त्याला माझे डोके काढले. चष्म्यासकट.

जाता जाता एक सांगतो. पुण्यात डायनोसॉरची हाडे शोधू नका. आपल्या पायांखाली नुसता काळा कातळ आहे, तो थंड झालेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांमागे, डायनोसॉर संपले त्याच सुमारास, तो इथे थरांवर थर ओतला जात होता. आमच्या घरात हिच्या सासूचा पाटा-वरवंटा अजून आहे. त्यावर मी कैक वर्षे वाटलेली चटणी खाल्ली, पण तो दगड कोणत्या दिवसांचा आहे याचा कधी विचार केला नव्हता. आता त्यावर हात ठेवला की थोडे संकोचल्यासारखे होते.

असो. फळीवर शेवटी चार प्राणी आले. नर्मदेकाठच्या राजासॉरसच्या तोंडाला चेन लावली. ती ओढली की जबडा उघडतो, आणि चेनचे दात तेच त्याचे दात. टिचबटणांच्या कापडाखाली अंडी. बाळाच्या हट्टाखातर एक तीन शिंगांचा परदेशी पाहुणा घेतला. त्याची शिंगे म्हणजे लाकडी खुंट्या, त्यांत हिच्या जुन्या लाकडी बांगड्या अडकवायच्या. आणि मधोमध एक लहान दार, त्याला ती कडी. दार उघडले की आत बारापासॉरस, म्हणजे मी.

बटणे, नाड्या, बंद लावलेल्या चौकटी मुलांच्या हाती द्याव्या ही युक्ती मारिया माँटेसोरीबाईंची. त्या १९३९ साली हिंदुस्थानात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला तेच काम शिंपले, बिया, खडे यांवर भागवले. मी यांतले काहीही वाचले नव्हते. माझे गुरू म्हणजे न्हाणीघराचे दार.

पहिल्या दिवशी बाळराजांनी फळीकडे पाहिले, सायकलची घंटा चाळीस वेळा वाजवली आणि बाकी सगळ्याकडे पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी चेन. तिसऱ्या दिवशी त्याने कडी लावली. खट्. तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तो मात्र माझ्याकडे पाहून हसला. लावतो आणि निघून जातो. मी काढायचे, त्याने लावायचे. मी त्याची बोटे धरून मूठ उचलायला शिकवू लागलो की हात झटकून टाकी. शिकवलेले मुलांना येत नाही, हे हिने मला तीस वर्षांपूर्वी सांगितले होते, पण तेव्हा मी मार्चअखेरचे हिशेब करत होतो.

अकराव्या दिवशी मी वर्तमानपत्र वाचत होतो. मागे कडीची नेहमीची खटखट चालली होती. मग एक वेगळा आवाज आला, घासल्यासारखा. मी वळलो नाही. श्वास धरून बसलो. बिजागरी किरकिरली, आणि पाठोपाठ ती लहानशी डरकाळी ऐकू आली. त्याने एका हाताने मूठ वर उचलून धरली होती आणि दुसऱ्या हाताने दांडी ओढली होती. दोन क्रिया. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले आणि ते बराच वेळ तसेच धरून ठेवले.

त्याच आठवड्यात ही नाशिकहून परतली. फळीचे कौतुक झाले. हिने चष्मा लावून एकेक वस्तू पाहिली. बांगड्या ओळखल्या, पिशवीची चेन ओळखली. मग कडीवर बोट ठेवून म्हणाली, “ही न्हाणीघराची.” कडीच्या खाचांत हिरवा रंग शिल्लक होता.

“गंजली होती,” मी म्हणालो.

“गंज कुठाय?”

ती उठून न्हाणीघरापर्यंत गेली, दारावरची मेणाने बुजवलेली सहा भोके तिने नखाने तपासली आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. तेवढ्यात बाळाने फळीवरचे दार उघडले आणि आतल्या माझ्या तोंडाकडे बोट दाखवून ते ओरडले, “आबा! भुर्रर्र!” मग जमिनीवर पालथे पडून त्याने गालिच्याला तोंड लावले.

“अहो,” ही हळूच म्हणाली, “काय झालं होतं?”

तिला सांगितले. ती रागावेल असे वाटले होते, तिने फक्त विचारले, “निरांजन?” मी म्हणालो, “नव्हतं लावलं.” ती उठली आणि काही न बोलता देवघरापाशी जाऊन उभी राहिली.

रात्री जेवणे झाल्यावर सूनबाईला मी स्वतः सांगितले. सगळे, शेगडी, फट, काकू, आणि तीन आठवड्यांचे माझे गप्प बसणे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “झालं ते झालं, बाबा. पण तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?” याला माझ्याकडे उत्तर होते, तू पुन्हा त्याला माझ्यापाशी ठेवणार नाहीस म्हणून. पण ते उत्तर मोठ्याने बोलण्यासारखे नव्हते, आणि तिलाही ते कळले असावे. ती खोलीत निघून गेली. पुढचे दोन दिवस आम्ही मिठाची बरणी आणि पाण्याची वेळ यांपलीकडे बोललो नाही. या काळात शेगडी बदलली गेली. आच विझली की वायू आपोआप बंद होणारी नवी आली. कोणी मागवली हे मला विचारावे लागले नाही.

मंगळवार उजाडला. मी सकाळपासून पाहत होतो, ती बाळाला बरोबर नेते की पाळणाघरात. ही घरी होती, म्हणजे माझी गरजही नव्हती. नऊ वाजता सूनबाई चपला घालून दाराशी उभी राहिली, पर्समधून एक प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी काढली, तिला लांब दोरी लावलेली. पावसात मोबाइल भिजू नये म्हणून मिळते ती.

“आई मंडईत जाणारेत अकराला,” ती म्हणाली. “तेवढा वेळ तुम्हीच आहात. अंघोळीला जाताना फोन यात घालून गळ्यात अडकवा.”

मी ती गळ्यात घातली. आमच्या कार्यालयात ओळखपत्र असे अडकवत. निवृत्त झाल्यापासून गळ्याला सवय राहिली नव्हती.

“आणि बाबा, दूध तापवून ठेवलंय.”

ती जिना उतरून गेली. मागे खट् असा आवाज आला, आणि मी वळून पाहतो तो बाळराजे कडी लावून, हात मागे बांधून, माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते.